बरोबरीच्या कोंडीत संगणकांचे बुद्धिबळ

२०१९ च्या प्रारंभी संगणकीय बुद्धिबळातील सर्वात प्रतिष्ठेच्या मानल्या जाणाऱ्या ‘टॉप चेस इंजिन चॅम्पियनशिप’च्या चौदाव्या मोसमाची अंतिम लढत संपली. एका बाजूला ‘स्टॉकफिश’ हे अनेक वर्षे दबदबा राखून असलेले इंजिन होते, तर दुसऱ्या बाजूला स्वतःशीच लक्षावधी डाव खेळून शिकलेले ‘लीला चेस झिरो’. शंभर डाव झाले. स्टॉकफिशने १० जिंकले, लीलाने ९ जिंकले आणि उरलेले ८१ डाव बरोबरीत सुटले. ५०.५ विरुद्ध ४९.५ अशा फरकाने स्टॉकफिशला विजेता घोषित करण्यात आले. शंभर डावांच्या अंती एका गुणाचा फरक! या निकालावरून स्टॉकफिश लीलापेक्षा सरस आहे असे कोणी ठामपणे म्हणू लागला, तर संख्याशास्त्राचा विद्यार्थी त्याला लगेच थांबवील. एक डाव इकडचा तिकडे झाला असता, तरी लढत अनिर्णित राहिली असती.

हा केवळ त्या एका लढतीचा प्रश्न नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये ‘डीपमाइंड’च्या ‘अल्फाझिरो’ने स्टॉकफिशच्या आठव्या आवृत्तीला हरवून जगाला चकित केले, तेव्हा शंभर डावांत अल्फाझिरोचे २८ विजय होते, पराभव एकही नव्हता, परंतु ७२ डाव बरोबरीतच सुटले होते. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या सविस्तर शोधनिबंधात एक हजार डावांचा हिशेब होता. त्यात १५५ विजय, ६ पराभव आणि ८३९ बरोबऱ्या. वृत्तपत्रांचे मथळे विजयांवर होते, हे स्वाभाविकच. तथापि इंजिने तयार करणाऱ्यांचे लक्ष त्या ८३९ या आकड्याकडेही गेले. इंजिने जसजशी बलवान होत आहेत, तसतसे त्यांच्यातील बलाबल मोजणे अवघड होत चालले आहे, ही गोष्ट त्या आकड्यात स्पष्ट दिसत होती.

माणसांच्या बुद्धिबळात बरोबरीची तक्रार फार जुनी आहे. १९२७ मध्ये ब्यूनस आयर्स येथे कापाब्लांका आणि अलेखाइन यांच्यात झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत ३४ पैकी २५ डाव बरोबरीत सुटले. खेळातील सारे ज्ञान संपत आले असून यापुढे श्रेष्ठ खेळाडू एकमेकांना हरवूच शकणार नाहीत, अशी भीती त्या दशकात खुद्द कापाब्लांकाने बोलून दाखविली होती. त्याने दहा गुणिले आठ घरांचा मोठा पट आणि दोन नवी मोहरी असा पर्यायही सुचविला. १९८४-८५ मधील कार्पोव-कास्पारोव लढत तर ४८ डावांनंतर निकालाविनाच थांबवावी लागली. त्यांपैकी ४० डाव बरोबरीचे होते. २०१८ मध्ये लंडनला कार्लसन आणि करुआना यांचे पारंपरिक वेळेचे बाराही डाव बरोबरीत सुटले व जलद डावांवर जगज्जेता ठरला.

यावर माणसांसाठी जे उपाय शोधले गेले, ते बहुतेक सारे खेळाडूच्या मनावर काम करणारे आहेत. २००५ मध्ये सोफिया येथील स्पर्धेत खेळाडूंनी आपापसांत बरोबरी मान्य करण्यास मनाई करण्यात आली. काही स्पर्धांनी फुटबॉलप्रमाणे विजयाला तीन गुण देऊन पाहिले. नॉर्वेतील स्पर्धेने २०१९ पासून बरोबरी झाल्यास लगेच ‘आर्मागेडन’ डाव खेळविण्याची पद्धत आणली. त्यात काळी मोहरी घेणाऱ्याला वेळ कमी, पण बरोबरी झाली तरी विजय त्याचाच. या सर्वांमागील गृहीतक असे, की खेळाडू धोका पत्करायला तयार नसतो म्हणून डाव बरोबरीत सुटतो. त्याला आमिष दाखवा किंवा पळवाट बंद करा, म्हणजे तो लढेल.

इंजिनाला मात्र आमिष दाखवता येत नाही. ते थकत नाही, घाबरत नाही, पुढच्या फेरीसाठी शक्ती राखून ठेवत नाही. त्याची बरोबरी ही तडजोड नसते. समोरच्याने चूक केली नाही म्हणून ती झालेली असते. म्हणूनच माणसांवर थोडाफार परिणाम करणारी औषधे यंत्रांना लागू पडत नाहीत, आणि दुखण्याचे मूळ खेळाच्या नियमांतच शोधावे लागते.

खेळाचाच स्वभाव

बुद्धिबळाची रचना बचाव करणाऱ्याला उदार आहे. एक प्यादे जास्त असूनही असंख्य शेवट जिंकता येत नाहीत. राजाबरोबर एकटा उंट किंवा एकटा घोडा उरला तर मात करणे अशक्य. दोन घोडे असले तरी प्रतिस्पर्ध्याच्या साहाय्याशिवाय मात होत नाही. हरणाऱ्याच्या राजावर शह नाही आणि त्याला चालही नाही, अशी ‘कुजी’ झाली की डाव बरोबरीत. त्याशिवाय तीन वेळा तीच स्थिती, पन्नास चालींचा नियम या वाटा आहेतच. पांढऱ्याला पहिल्या चालीमुळे मिळणारी आघाडी या साऱ्या तटबंदीपुढे फारच तुटपुंजी ठरते. म्हणजे एका बाजूने बऱ्यापैकी मोठी चूक केल्याखेरीज डाव निकाली होतच नाही, आणि तशी चूक करण्याचे आजच्या इंजिनांनी जवळजवळ सोडूनच दिले आहे.

जपानी शोगीत मारलेली मोहरी पुन्हा पटावर उतरविता येतात, त्यामुळे बळ संपून डाव विझत नाही. गो या खेळात दुसऱ्या खेळाडूला भरपाई म्हणून अर्धा गुण जोडलेली सूट दिली जाते. त्या अर्ध्या गुणानेच बरोबरीचा प्रश्न कायमचा मिटतो. बुद्धिबळाला असा अर्धा गुण नाही. गंमत अशी, की आजच्या स्टॉकफिशला अभेद्य बनविणारे ‘एनएनयूई’ हे मूल्यमापनाचे तंत्र मुळात शोगीच्याच इंजिनासाठी २०१८ मध्ये यू नासू यांनी तयार केले होते. ते २०२० मध्ये बाराव्या आवृत्तीपासून स्टॉकफिशमध्ये आले. बरोबऱ्या विरळ असलेल्या खेळातून आलेल्या या तंत्राने बुद्धिबळातील चुका आणखीच दुर्मिळ केल्या!

नियम बदलून पाहण्याचे प्रयत्नही झाले. माजी जगज्जेता व्लादिमिर क्राम्निक आणि डीपमाइंडचे संशोधक यांनी २०२० मध्ये बुद्धिबळाच्या नऊ बदललेल्या प्रकारांचा अल्फाझिरोकरवी अभ्यास केला. त्यात किल्लेकोटास बंदी होती, कुजी करणाऱ्याला विजय होता, प्याद्यांना कुठूनही दोन घरे चालण्याची मुभा होती. अभ्यासातील एक आकडा बोलका आहे. मूळ नियमांनुसार, चालीमागे एक मिनिट विचार करून अल्फाझिरो स्वतःशी खेळला, तेव्हा सुमारे ९८ टक्के डाव बरोबरीत सुटले. कुजीला विजय मानूनही फारसा फरक पडत नाही, प्रामुख्याने डावाच्या अखेरच्या टप्प्यातील काही स्थितींचेच मूल्य बदलते, असे आढळले. जुन्या शतरंजमध्ये कुजी करणारा जिंकत असे आणि प्रतिस्पर्ध्याचा राजा एकटा पाडला तरी (आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंच्या भाषेत ‘बुर्जी’) त्याची किंमत होती. ते नियम परत आणावेत, कुजीला निदान अंशतः गुण द्यावेत, अशी सूचना लास्करनेही केली होती. पण लास्करला जी बरोबरी सलत होती, ती माणसांची होती. किल्लेकोटाविना बुद्धिबळाची आनंद-क्राम्निक लढत जुलै २०२१ मध्ये डॉर्टमुंड येथे झाली, ती विश्वनाथन आनंदने २.५-१.५ अशी जिंकली. माणसांसाठी हा प्रयोग ताजेपणा देणारा ठरला, हे निर्विवाद. मात्र इंजिनांच्या मोजमापाचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण इंजिनांचे ग्राहक मूळ खेळ खेळतात आणि त्या खेळातील ताकद मोजून हवी आहे.

इंजिनाच्याच आत बदल करण्याचाही एक मार्ग होता. बरोबरीच्या स्थितीला शून्य न मानता थोडे उणे मूल्य द्यायचे, म्हणजे इंजिन ती टाळू पाहते. बुद्धिबळाच्या संगणकीय परिभाषेत याला ‘कंटेम्प्ट’, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला तुच्छ लेखणे, असे अर्थपूर्ण नाव आहे. दुबळ्या इंजिनांविरुद्ध ही तुच्छता फळते. बलवान इंजिन सरळ वाटा सोडून गुंतागुंत वाढविते आणि दुबळे त्यात अडकते. परंतु तोडीस तोड प्रतिस्पर्धी असेल तर खोट्या आत्मविश्वासाची किंमत मोजावी लागते. स्टॉकफिशने ही सोय नंतर काढूनच टाकली. लीलाने २०२३ मध्ये ती वेगळ्या, अधिक शास्त्रशुद्ध रूपात आणली.

तिरका पट

मग उरला एकच परिणामकारक मार्ग, डाव समतोल स्थितीतून सुरूच न करण्याचा. इंजिनांच्या सामन्यांत पहिल्या काही चाली इंजिने स्वतः खेळत नाहीत. त्या आयोजकांनी ठरवून दिलेल्या असतात. तसे नसते तर दोन्ही इंजिने बर्लिन किंवा पेट्रॉफसारख्या भक्कम बचावांच्या त्याच त्या वाटांनी जाऊन हजारदा बरोबरी करीत बसली असती. २०१० मध्ये नॉर्वेच्या मार्टिन थोरेसन यांनी सुरू केलेल्या या स्पर्धेच्या अंतिम लढतींसाठी सुरुवाती निवडण्याचे काम अनेक मोसम नेदरलँड्सचे येरून नोमेन यांनी केले. या निवडीचा कल हळूहळू बदलत गेला. आधी वैविध्यपूर्ण पण साधारण समतोल सुरुवाती असत. पुढे मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या, काळ्याला पहिल्या दहा चालींतच घाम फोडणाऱ्या स्थिती येऊ लागल्या. किंग्ज इंडियन बचावाच्या काही शाखा, ज्या माणसे आनंदाने खेळतात आणि ज्यांवर इंजिने नाक मुरडतात, त्या यासाठी फार सोयीच्या. प्रत्येक सुरुवात दोनदा खेळवायची, रंग बदलून, म्हणजे अन्याय दोघांवर सारखाच होतो. २०२० च्या अठराव्या मोसमात स्टॉकफिश आणि लीला पुन्हा अंतिम फेरीत भिडले, तेव्हा स्टॉकफिशने २३ आणि लीलाने १६ डाव जिंकले. बरोबऱ्या ८१ वरून ६१ वर आल्या.

हा उपाय ऐकायला सोपा वाटतो, पण त्याचे गणित नाजूक आहे. सुरुवात फारच तिरकी असेल तर पांढरे घेणारा प्रत्येक वेळी जिंकतो. दोन डावांची जोडी १-१ अशी सुटते. फलकावर दोन निकाली डाव दिसतात, प्रेक्षक सुखावतात, पण कोण सरस याविषयी त्या दोन डावांनी काहीही सांगितलेले नसते. ती दोन बरोबऱ्यांइतकीच मुकी जोडी. म्हणून बरोबऱ्यांची टक्केवारी उतरली एवढ्यावरून यश मोजणे फसवे आहे. मोजायची असते ती न फुटलेल्या जोड्यांची संख्या.

सर्वात उपयोगी सुरुवात ती, जी विजय आणि बरोबरी यांच्या नेमक्या सीमेवर उभी आहे, जिथे पांढरा निम्मे वेळा जिंकेल आणि निम्मे वेळा काळा निसटेल. एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, दोन इंजिनांत एक किंचित सरस आहे. समतोल सुरुवातीतून हजार डाव खेळविले तर ते २७ जिंकेल, १५ हरेल आणि ९५८ बरोबरीत सुटतील. फरक अवघा बारा डावांचा, आणि योगायोगही तितके पारडे हलवू शकतो. आता तीच दोन इंजिने सीमेवरच्या सुरुवातींतून खेळविली आणि सरस इंजिन पांढऱ्याने शंभरात ५५ डाव जिंकते, तर काळ्याने ४५ हरते असे धरले, तर पाचशे जोड्यांपैकी सुमारे १५० जोड्या ते जिंकेल आणि सुमारे १०० गमावील. त्यांच्या ताकदीतील फरक मुळीच बदललेला नाही. बदलली आहे ती भिंगाची क्षमता. तेवढ्याच खात्रीने निष्कर्ष काढायला या उदाहरणात पूर्वीच्या सुमारे एक तृतीयांश डाव पुरतात.

हे गणित स्टॉकफिशच्या विकासकांसाठी शोभेचे नाही. २०१३ मध्ये गॅरी लिन्सकॉट यांनी उभारलेल्या ‘फिशटेस्ट’ या यंत्रणेत जगभरचे स्वयंसेवक आपापल्या संगणकांचा रिकामा वेळ देणगी म्हणून देतात. इंजिनात सुचविलेला प्रत्येक बदल तेथे हजारो डावांच्या कसोटीतून जातो. आधी दहा सेकंद आणि चालीमागे दशांश सेकंद अशा झटपट डावांत, त्यात टिकला तर एक मिनिटाच्या डावांत. एखाद्या चांगल्या सुधारणेने इंजिनाची ताकद वाढते ती एक-दोन एलो गुणांनी, कित्येकदा त्याहूनही कमी. हा अणुमात्र फरक बरोबऱ्यांच्या ढिगाऱ्यातून शोधायचा तर खर्ची पडणारी वीज आणि यंत्रवेळ अफाट. जर्मनीचे स्टीफन पोल यांनी या दिशेने चिकाटीने काम केले. आधी दोन्ही राजांनी विरुद्ध बाजूंना किल्लेकोट केलेल्या स्थितींचे संग्रह, आणि नंतर माणसांनी प्रत्यक्ष खेळलेल्या डावांतून निवडलेल्या, पांढऱ्याची आघाडी ठराविक पट्ट्यात असणाऱ्या सुरुवातींचा ‘असंतुलित मानवी प्रारंभ’ हा संग्रह. फिशटेस्टने हाच संग्रह स्वीकारला. तेथे आता निकालही डावागणिक नव्हे, तर जोडीगणिक मोजला जातो.

या विचाराची एक पडछाया सामान्य खेळाडूच्या पडद्यावरही उमटली आहे. पूर्वी इंजिनाने ‘अधिक एक’ दाखविले की एका प्याद्याची आघाडी, असा अर्थ घेतला जाई. डिसेंबर २०२२ मधील १५.१ या आवृत्तीपासून स्टॉकफिशने मोजपट्टीच बदलली. आता अधिक एक म्हणजे त्या स्थितीतून विजयाची शक्यता ५० टक्के. विजय आणि बरोबरी यांच्यातील सीमारेषा हीच मोजमापाची एकक झाली.

आक्षेप

या सगळ्यावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्या स्थितीत कोणताही शहाणा खेळाडू आपणहून जाणार नाही, तिथे इंजिनाला ढकलून मिळविलेला विजय बुद्धिबळाचा विजय मानायचा का? अल्फाझिरोच्या डावांनी जगाला मोहविले ते त्याने स्वतः निवडलेल्या वाटांमुळे. आजच्या अंतिम लढतीत सुरुवातीची कल्पकता इंजिनाच्या हाती उरलेलीच नाही. त्याने फक्त दिलेली आग लावायची किंवा विझवायची. त्याहून व्यावहारिक अडचण म्हणजे गुणांकनाची. तीच दोन इंजिने समतोल संग्रहावर खेळविली तर जवळजवळ बरोबरीची दिसतात, आणि तिरक्या संग्रहावर त्यांच्यात बरेच अंतर दिसते. म्हणजे ‘अमुक इंजिन तमुकपेक्षा इतक्या गुणांनी सरस’ हे विधान, कोणत्या सुरुवातींवरून हे सांगितल्याशिवाय अपुरे आहे. विक्रीच्या जाहिरातीत हा तपशील सहसा गाळला जातो, हे ओघाने आलेच.

तरीही आक्षेप घेणाऱ्यांनी शेजारच्या एका खेळाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. इंग्रजी ड्राफ्ट्स, म्हणजे अमेरिकेतील चेकर्स, या खेळाला बरोबरीचा आजार बुद्धिबळाच्या कितीतरी आधी जडला. त्यावर तेथील खेळाडूंनी काढलेला तोडगा म्हणजे पहिल्या चाली चिठ्ठी टाकून ठरवायच्या आणि तीच सुरुवात दोघांनी बाजू बदलून खेळायची. आधी दोन चालींची चिठ्ठी आली, मग १९३४ पासून अमेरिकेत तीन चालींची. आज इंजिनांना जे करायला लावले जाते ते हुबेहूब हेच, आणि तेही माणसांनी, माणसांसाठी योजलेले. याच पद्धतीवर मॅरियन टिन्स्ली अजिंक्य राहिला. १९९२ मध्ये लंडनला त्याने ‘चिनूक’ या संगणकाला हरविले, तेव्हाही चार विजय आणि दोन पराभवांच्या जोडीला ३३ बरोबऱ्या होत्या. लादलेल्या सुरुवातींमुळे त्या विजयांचे मोल कोणी कमी मानले नाही. २००७ मध्ये चिनूकचे कर्ते जोनाथन शेफर यांनी, दोन्ही बाजू बिनचूक खेळल्यास चेकर्स बरोबरीतच सुटतो, हे सिद्ध केले.

बुद्धिबळाबाबत अशी सिद्धता नाही आणि नजीकच्या काळात होण्याची शक्यताही नाही. सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचा संपूर्ण छडा लागला आहे. बत्तीस मोहऱ्यांचा पट त्यापासून कल्पनातीत दूर आहे. परंतु पुरावा एकाच दिशेने बोट दाखवितो. इंजिनांची मदत घेण्यास मुभा असलेल्या पत्रद्वारा बुद्धिबळात सर्वोच्च स्तरावर निकाली डाव दुर्मिळ झाले आहेत. तेथे सुरुवाती लादलेल्या नाहीत. खेळाडू आपल्या मर्जीने खेळतात आणि बरोबरी करतात.

आता प्रश्न आहे तो सीमेचा. आज जी स्थिती विजय आणि बरोबरी यांच्या मधोमध आहे असे वाटते, ती मुळात दोहोंपैकी एक आहेच. इंजिनांना अजून ते ठाऊक नाही इतकेच. ती बलवान झाली की काही सुरुवाती हमखास जिंकल्या जातात, काही हमखास वाचतात, आणि संग्रहातून दोन्ही बाद करून नव्या आणाव्या लागतात. उपयुक्त पट्टा दरवर्षी अरुंद होत जातो. फिशरने १९९६ मध्ये मांडलेल्या ९६० प्रारंभस्थितींच्या खेळाकडे, आणि दोन्ही बाजूंची मांडणी स्वतंत्रपणे बदलून मिळणाऱ्या ९,२१,६०० स्थितींकडे इंजिनांच्या स्पर्धा वळू लागल्या आहेत त्या यामुळेच. तेथे निदान स्थितींचा तुटवडा नाही. मात्र त्यांतल्या नेमक्या सीमेवरच्या कोणत्या, हे पुन्हा कोणत्या तरी इंजिनालाच विचारावे लागते.